वाढत्या पोटाचा हिशेब

मोर्चाच्या फलकावर मालक कसा काढावा हे कोणाला शिकवावे लागत नाही. डोक्यावर उंच टोपी, तोंडात चिरूट आणि पुढे आलेले भलेमोठे पोट. युरोपातील कामगारांच्या वर्तमानपत्रांनी हे चित्र रूढ केले आणि ते गिरणगावच्या भिंतींपर्यंत जसेच्या तसे येऊन पोहोचले. त्या चित्रात एक साधा हिशेब होता. एकाचे पोट पुढे आले, कारण दुसऱ्याचे खपाटीला गेले.

आज कोणत्याही गेटसभेत टेबलावर उभे राहून समोर पाहावे. बसचा ड्रायव्हर, रखवालीचा जवान, यंत्रापुढे बारा तास बसणारा मुलगा, कार्यालयातला कारकून. तिशी ओलांडली न ओलांडली तोच सदऱ्याची खालची गुंडी ताणलेली दिसते. मालक मात्र पहाटे धावून आलेला असतो. त्याला वेळ आहे, मैदान आहे, काय खावे हे सांगायला पगारी माणूस आहे. आमच्या जुन्या चित्रातली पोटे अदलाबदल होऊ लागली आहेत. ती का, एवढाच आजचा विषय. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा आमची नववीत सुटली. पुढचे शिक्षण मोफत वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. परंतु माणसाचे काम आणि माणसाचे शरीर यांचा संबंध तीस वर्षे रोज पाहत आलो आहोत, त्या अधिकाराने बोलतो.

प्रथम माप. अॅडॉल्फ केटले नावाच्या बेल्जियमच्या खगोलशास्त्रज्ञाने १८३० च्या सुमारास असे दाखवले की प्रौढ माणसाचे वजन त्याच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे म्हणजे एक आकडा येतो. १९७२ साली अमेरिकेतील अॅन्सेल कीज यांनी त्याला जे नाव दिले ते आज दवाखान्यातला कंपाउंडरही घेतो : बीएमआय. आकडा पंचविसावर गेला की वजन जास्त, तिसावर गेला की लठ्ठपणा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे गणित आहे. म्हणजे १६५ सेंटिमीटर उंचीचा माणूस ६८ किलोचा झाला की पहिल्या रेषेवर येतो आणि ८२ किलोचा झाला की दुसरी ओलांडतो. आपल्या लोकांना ही रेषा लागू पडत नाही, ती गोष्ट पुढे येईल.

या मापाने जग मोजले तेव्हा काय दिसले? १९९० साली जगातील प्रौढ स्त्रियांपैकी शेकडा ८.८ लठ्ठ होत्या. २०२२ साली १८.५. पुरुषांत हेच प्रमाण ४.८ वरून १४ वर गेले. २०२२ मध्ये मुलेमाणसे धरून शंभर कोटींहून अधिक लोक लठ्ठपणाच्या रेषेपलीकडे होते. त्यांत सुमारे सोळा कोटी पाच ते एकोणीस वर्षांची मुले होती. ज्या जगाने हजारो वर्षे उपासमारीची भीती बाळगली त्या जगात आज कमी वजनाच्या माणसांपेक्षा लठ्ठ माणसे अधिक आहेत.

आपल्या देशाचे चित्र विचित्र आहे, कारण येथे दोन्ही रोग एकाच चाळीत नांदतात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शेकडा २४ स्त्रिया आणि जवळजवळ २३ पुरुष पंचविसाच्या रेषेवर होते; त्याच पाहणीत जवळजवळ १९ स्त्रिया आणि १६ पुरुष हाडकुळे, कमी वजनाचे निघाले. शहरातील स्त्रियांत तर तिघींमागे एक वजनदार. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्याकडे लठ्ठपणा अजूनही खात्यापित्या घरांत अधिक आहे. परंतु श्रीमंत देशांत, विशेषतः तेथील स्त्रियांत, तो गरिबांकडे सरकलेला आहे, आणि आपणही त्याच रस्त्याला लागलो आहोत.

आता याचे कारण विचारले की सगळीकडे एकच उत्तर मिळते. लोक आळशी झाले, जिभेवर ताबा राहिला नाही. हे उत्तर देणाऱ्याला सोयीचे असते, कारण त्याचा खर्च ऐकणाऱ्यावर पडतो. परंतु ते हिशेबात बसत नाही. मेक्सिकोत, इजिप्तमध्ये, इंग्लंडात आणि फिजी बेटांवर एकाच तीस वर्षांत कोट्यवधी लोकांचा जिभेवरचा ताबा एकदम सुटला, असे मानायचे काय? आनुवंशिकता म्हणावी तर रक्तातली बीजे तीस वर्षांत बदलत नाहीत. आईबाप तेच, इच्छाशक्ती तीच, आणि वजन दुप्पट लोकांचे वाढले. तेव्हा बदलले ते माणसाच्या बाहेरचे काहीतरी. ते शोधायचे तर दोन ठिकाणी शोधले पाहिजे : माणूस ज्या जागी काम करतो तेथे, आणि तो ज्या दुकानातून खातो तेथे.

कामाच्या जागेची गोष्ट आम्हांला विशेष प्रिय आहे, कारण ती बसवाल्यांची आहे.

दुसरे महायुद्ध संपल्यावर इंग्लंडात हृदयविकाराने धडधाकट माणसे पटापट मरू लागली होती. कारण कळत नव्हते. जेरी मॉरिस या डॉक्टराला, जो स्वतः ग्लासगोच्या गरीब वस्तीत वाढलेला होता, अशी शंका आली की याचे मूळ माणसाच्या धंद्यात असावे. त्याने लंडनच्या वाहतूक खात्यातील पस्तीस ते चौसष्ट वयाच्या सुमारे एकतीस हजार पुरुषांच्या नोंदी तपासल्या. लंडनची बस दुमजली. एकाच बसवर दोन माणसे. दोघे एकाच थरातले, पगारात फारसा फरक नाही, राहण्याच्या वस्त्या त्याच. फरक एवढाच की ड्रायव्हर पाळीचा बहुतेक सगळा वेळ बसून असे, आणि कंडक्टर तिकिटे फाडत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे.

१९५३ साली मॉरिसने निष्कर्ष छापला. हृदयविकार वर्षाला हजार ड्रायव्हरांत २.७ जणांना होई, हजार कंडक्टरांत १.९ जणांना. झटका आल्यावर लगेच मरण येण्याचे प्रमाण तर ड्रायव्हरांत दुपटीच्या घरात. मग त्याने टपाल खाते पाहिले. पायी आणि सायकलने फिरणारे पोस्टमन एकीकडे, टेलिफोनवर आणि टेबलामागे बसणारे दुसरीकडे. तेथेही तोच प्रकार.

परंतु श्रोत्यांपैकी कोणी चिकित्सक असेल तर तो विचारील, की मुळात जाड माणसेच ड्रायव्हरची जागा पसंत करीत असतील तर? मॉरिसलाही हा प्रश्न पडला होता. वजने मात्र कोणी नोंदून ठेवली नव्हती. तेव्हा त्याने गणवेशाकडे मोर्चा वळवला. खात्याकडून प्रत्येक कामगाराला पॅन्ट मिळे आणि तिच्या कमरेचे माप दप्तरात लिहिलेले असे. ती मापे त्याने वयाप्रमाणे लावली. ड्रायव्हरांच्या पॅन्टी कंडक्टरांच्या पॅन्टींहून रुंद निघाल्या. १९५६ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. शिंप्याच्या वहीतून वैद्यकशास्त्र निघाले ते असे. पुढे असेही दिसले की ड्रायव्हर आणि कंडक्टर यांच्यात थोडा फरक नोकरीला लागतानाच असतो. परंतु कमरेचे माप सारखे धरून तुलना केली तरी कंडक्टरच सुरक्षित ठरे, जाडजूड कंडक्टरसुद्धा. म्हणजे हालचालीचा फायदा वजनाच्या पलीकडचाही आहे. ज्यांचे वजन काही केल्या उतरत नाही त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. चालणे फुकट जात नाही.

या गोष्टीचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. डिसेंबर २००५ मध्ये लंडनच्या नेहमीच्या मार्गांवरून मागे दार उघडे असलेल्या जुन्या दुमजली बसगाड्या निघाल्या आणि त्यांच्यासोबत कंडक्टरही गेला. बस एक, माणूस एक, आणि तो बसलेला. काटकसरीच्या दृष्टीने निर्णय चोख असेल. परंतु ज्या कामाने माणूस जगत होता तेच काम काढून टाकले आणि बसून राहण्याचे तेवढे ठेवले, ही नोंद कोणत्या ताळेबंदात झाली? आणि हे बसपुरते नाही. अमेरिकेतील खाजगी उद्योगांत १९६० च्या सुमारास जवळजवळ निम्म्या नोकऱ्यांत अंगाला बऱ्यापैकी श्रम पडत. पन्नास वर्षांनी अशा नोकऱ्या एक पंचमांशाहून कमी उरल्या. माणसामागे रोज शंभराहून अधिक उष्मांकांचा खर्च कमी झाला, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. शंभर उष्मांक म्हणजे चार ग्लुकोज बिस्किटे. ती रोज शिल्लक पडली आणि वर्षानुवर्षे पडत राहिली, तर शरीर ती कोठेतरी जमा करणारच. शरीराइतका काटेकोर खजिनदार आम्ही कोणत्याही पतपेढीत पाहिलेला नाही.

आम्ही अंगमेहनतीचे गोडवे गात नाही, हे स्पष्ट केलेले बरे. हमालाच्या पाठीवर शंभर किलोचे पोते असणे हा व्यायाम नव्हे. ते ओझे यंत्राने उतरवले हे उत्तमच झाले. तक्रार अशी आहे की ओझे उतरवताना माणसाला खुर्चीला बांधून टाकले, आणि उरलेला वेळ त्याला न देता पाळी लांबवली.

आता दुकानाकडे वळू. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस माणसांना चार आठवडे रुग्णालयात ठेवले. दोन आठवडे कारखान्यात बनलेले, पाकिटातले, तयार अन्न. दोन आठवडे घरच्यासारखे शिजवलेले. दोन्ही ताटांत साखर, चरबी, मीठ, चोथा यांचे प्रमाण शक्य तेवढे सारखे राखले आणि सांगितले, हवे तेवढे खा. पाकिटातल्या अन्नाच्या दिवसांत त्याच माणसांनी रोज सुमारे पाचशे उष्मांक अधिक खाल्ले आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलो वजन वाढवले. घरच्या अन्नाच्या दिवसांत तेवढेच उतरले. माणसे तीच, इच्छाशक्ती तीच. असे अन्न मऊ असते, भरभर गिळले जाते, पोट भरल्याची वर्दी डोक्यात पोहोचण्याच्या आत पाकीट संपते. ते तसे बनवलेले असते, कारण पाकीट संपणे हाच तो धंदा आहे.

या धंद्याने एक सबंध देश कसा व्यापला हे पाहायचे असेल तर मेक्सिको पाहावा. मका, घेवडा आणि मिरची यांवर जगणारे हे लोक. मक्याची त्यांची तोर्तिया म्हणजे आपली भाकरीच. १९९४ पासून अमेरिका आणि कॅनडा यांच्याशी व्यापार खुला झाला आणि तयार अन्नाचा, गोड पेयांचा पूर आला. जो गृहस्थ पूर्वी कोका-कोला कंपनीचा मेक्सिकोतला प्रमुख होता, तो व्हिसेंते फॉक्स २००० साली त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. आम्ही त्यात कट पाहत नाही. वजन कोणाचे होते एवढेच पाहतो. पुढे प्रौढांपैकी एक तृतीयांश लठ्ठ झाले आणि २०१६ साली सरकारला मधुमेह आणि लठ्ठपणा यांसाठी साथीची आणीबाणी जाहीर करावी लागली.

परंतु मेक्सिकोची गोष्ट रडगाण्याची नाही. तेथील ग्राहक संघटना आणि आरोग्य कार्यकर्ते यांनी झगडून २०१४ च्या जानेवारीपासून साखरेच्या पेयांवर लिटरला एक पेसो कर बसवून घेतला. पहिल्या वर्षी खरेदी शेकडा साडेपाच उतरली, दुसऱ्या वर्षी जवळजवळ दहा. चिलीने २०१६ पासून पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के मारायला लावले : साखर जास्त, मीठ जास्त. २०२० साली मेक्सिकोनेही ते घेतले. निरक्षर आईलाही कळेल अशी ती खूण आहे. आपल्याकडे गोड पेयांवर कर भारी आहे, ही चांगली गोष्ट. परंतु २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बिस्किटे, चॉकलेट आणि पाकिटातले फरसाण यांवरचा कर शेकडा पाचवर उतरवला गेला, आणि वर्तमानपत्रांनी त्याला सामान्य माणसाची दिवाळी म्हटले. दिवाळी कोणाची, हे त्या पाकिटांचा खप सांगेल.

वडापावाविरुद्ध आमचे बोलणे नाही. वडापावावर कित्येक संप निभावले आहेत. तो भुकेला परवडतो, हातात धरून खाता येतो आणि खायला चार मिनिटे पुरतात. ज्याला जेवणाची सुट्टी नाममात्र आहे, ज्याची पाळी कधी पहाटे चारची तर कधी रात्री दहाची, त्याने थाळी कोठे आणि केव्हा खावी? रात्रपाळीच्या माणसाच्या पोटात अन्न अशा वेळी पडते, जेव्हा शरीर झोपेच्या तयारीत असते. झोप मोडली की भूक वाढते, हे आता शास्त्रज्ञांनी मोजून दाखवले आहे. चौकीदारांना ते आधीच ठाऊक होते.

लठ्ठपणा म्हणजे दिसण्याची गोष्ट असती तर या व्यासपीठावर तिचे काम नव्हते. चरबी ही नुसती साठलेली पेंड नव्हे. ती जिवंत, रसायने सोडणारी वस्तू आहे. कातडीखालची चरबी तुलनेने निरुपद्रवी. पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठणारी चरबी खरी घातकी. तिच्यामुळे शरीर इन्शुलिनला जुमानेनासे होते. रक्तातील साखर पेशींत शिरण्याऐवजी रक्तातच फिरत राहते, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आतून खरबरीत होतात. पुढचा रस्ता सर्वांना ठाऊक आहे : मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणे. गुडघे झिजतात. तेरा प्रकारच्या कर्करोगांशी जादा चरबीचा संबंध आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली मान्य केला. एका विकाराकडे मात्र कोणी पाहत नाही. मानेभोवती चरबी वाढली की झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, माणूस घोरतो, गुदमरतो, पुन्हा श्वास घेतो. रात्रभर हे चालते आणि त्याला पत्ता नसतो. घरचे म्हणतात, काय छान झोप लागते! तो सकाळी चाळीस उतारू घेऊन घाटाला लागतो आणि सुकाणूवर डोळे मिटतात.

आता पुण्याकडे. युरोपातली रेषा आपल्याला लागू का पडत नाही याचे उत्तर मोठ्या अंशी पुण्याच्या केईएम रुग्णालयात मिळाले आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास हाती घेतला. तेथील बाळ सरासरी २.७ किलोचे, इंग्लंडातील साउदम्प्टनचे बाळ ३.५ किलोचे. आपले बाळ लांबीला कमी, डोक्याला कमी, स्नायूंना तर फारच कमी. परंतु चरबी? ती मात्र जवळजवळ राखलेली. काडीसारखे दिसणारे बाळ आतून मेदाळ. याज्ञिकांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मापे छापली. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी सारखा. युडकिनांच्या अंगात चरबी शेकडा ९.१, याज्ञिकांच्या अंगात २१.२. फोटोत दोघे सारखेच सडपातळ दिसतात.

याचा उलगडा असा सांगतात, की आईच्या पोटात अन्न कमी पडले तर गर्भ स्नायूंत आणि अवयवांत काटकसर करतो आणि चरबीची पुंजी सांभाळतो. पुढे दुष्काळच येणार अशी त्याची समजूत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने नाकेबंदी केल्यामुळे हॉलंडात उपासमार झाली होती. त्या काळात ज्यांच्या आया गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात होत्या, ते मुलगे एकोणीस वर्षांचे झाले तेव्हा त्यांच्यात लठ्ठपणा अधिक आढळला, असे १९७६ साली प्रसिद्ध झाले. उपाशी आईचे मूल जाड होते, हे ऐकायला उफराटे वाटते खरे. परंतु आमच्या वस्त्यांतली कहाणी याच दोन टोकांमध्ये आहे. आई उसाच्या फडावर अर्धपोटी राबली. मुलगा शहरात येऊन सुरक्षारक्षकाच्या खुर्चीत बसला आणि बिस्किटावर पाळी काढू लागला. दुष्काळासाठी बांधलेले शरीर खुर्चीवर आणून बसवले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींवर निघाले, आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी साडेतेरा कोटी. ते सगळे ढेरपोटे असतील अशी कल्पना करू नये.

म्हणून भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली आपल्या रेषा खाली आणल्या : तेविसावर वजन जास्त, पंचविसावर लठ्ठपणा. त्याहून सोपे माप शिंप्याच्या फितीचे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर फीत लावावी. पुरुषाला ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच; स्त्रीला ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस. त्यावर आकडा गेला की वजनकाटा काहीही म्हणो, साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. पोट आत ओढू नये. फितीला फसवून काय मिळणार?

औषधाविषयी कोणी विचारणारच. आठवड्याला टोचायची नवी इंजेक्शने निघाली आहेत; अमेरिकेत सेमाग्लुटाइडला २०२१ साली वजनासाठी परवानगी मिळाली. चाचणीत सव्वा वर्षात सरासरी शेकडा पंधरा वजन उतरले, ही मामुली गोष्ट नाही, आणि ज्याला गरज आहे त्याने लाजू नये. परंतु औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. २०२५ साली ती भारतात वजनासाठी आली तेव्हा महिन्याचा खर्च दहा हजारांहून अधिक होता. कंत्राटी रखवालदाराच्या पगाराशी ज्याने त्याने हिशेब करून पाहावा.

कामाच्या जागी काय करता येते याचे एक उदाहरण देतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात कॅन्टीन सक्तीचे केले होते आणि त्याच्या व्यवस्थापनात कामगारांचे प्रतिनिधी घेण्याची वाट मोकळी ठेवली होती. एका कारखान्यात आमच्या प्रतिनिधींनी त्या समितीत बसून तेलाच्या डब्यांचा हिशेब मागितला. दर महिन्याचे डबे मोजले, माणसांच्या संख्येने भागले, आणि तो आकडा फळ्यावर लिहिला. दोन महिन्यांत मोड आलेल्या कडधान्याची उसळ आणि ज्वारीची भाकरी पुरीच्या बरोबरीने मिळू लागली, दर तोच. भाकरी करायला गावातल्या चार बायांना काम मिळाले. चहात साखर वेगळी मिळू लागली. फरसाण मात्र हटले नाही. त्यासाठी आमचेच सभासद भांडले.

बायकांचा प्रश्न याहून अवघड. कारखान्यात पाळी संपते, घरात संपत नाही. संध्याकाळी अर्धा तास चालून या, असे डॉक्टर सांगतो. कोठे चालायचे? रस्त्याला दिवा नाही, पदपथावर मोटारी उभ्या, आणि घरी कुकर चढवायचा राहिलेला. नगरपालिकेच्या निवडणुकीत उमेदवाराला पदपथाविषयी विचारणे हा सुद्धा मधुमेहावरचा इलाज आहे, असे आम्ही महिला सभासदांना सांगतो तेव्हा त्या हसतात, परंतु विचारतात.

शेवटी ज्या प्रकरणांत आमचा सर्वांत अधिक वेळ जातो त्यांविषयी. एका सार्वजनिक वाहतूक संस्थेत, जिचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, ड्रायव्हरांची ठराविक काळाने वैद्यकीय तपासणी होते. साखर वाढलेली निघाली की माणूस गाडीवरून उतरवला जातो. चालकाचा भत्ता आणि जादा कामाचा पगार बंद, कधी महिनोन् महिने घरी बसवणे. याचा परिणाम काय होणार? तपासणीच्या आधी चार दिवस माणसे उपाशी राहतात, कोणाच्या तरी गोळ्या घेतात, आणि एरवी दवाखान्याच्या बाजूलाही फिरकत नाहीत. आमच्या एका सभासदाने सहा वर्षे साखर लपवली. पायाला बूट चावला तो त्याला कळला नाही, कारण पायाची संवेदना आधीच गेली होती. जखम चिघळली आणि गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

कायद्याची गंमत येथे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या विसाव्या कलमाप्रमाणे सरकारी आस्थापनेतील कर्मचाऱ्याला नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्याला काढता येत नाही, त्याचा दर्जा उतरवता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. पाय गेल्यावर त्या माणसाला हे संरक्षण लागू झाले आणि मिळालेही. पाय शाबूत होता आणि नुसती साखर होती, तेव्हा मिळत नव्हते.

म्हणून आमची मागणी अशी आहे. तपासणीत साखर, रक्तदाब किंवा झोपेतला श्वासरोध आढळला तर सहा महिने त्याच पगारावर हलके काम द्यावे, उपचाराचा खर्च संस्थेने करावा, आणि प्रकृती आटोक्यात आल्यावर माणसाला पुन्हा गाडीवर घ्यावे. त्याखेरीज प्रत्येक लांबच्या फेरीनंतर वीस मिनिटे गाडीखाली उतरता येईल असे वेळापत्रक, आणि शेवटच्या थांब्यावर पाणी व शौचालय. ड्रायव्हर पाणी पीत नाही, कारण पुढे जायला जागा नसते, आणि तहान गोड चहावर भागवतो. या वर्षीच्या मागणीपत्रकात ही मागणी सहावी आहे. पहिल्या पाच पगाराच्या आहेत. व्यवस्थापनाने दुसऱ्या बैठकीत पाच मागण्यांवर चर्चा केली आणि सहाव्यासमोर ‘वैद्यकीय अधिकाऱ्यांचे मत घ्यावे’ असा शेरा लिहिला. वैद्यकीय अधिकाऱ्यांची गाठ आम्ही पुढच्या आठवड्यात घेणार आहोत. त्यांच्या टेबलावर ठेवायला लंडनच्या त्या पॅन्टींच्या निबंधाचे मराठी टिपण तयार केले आहे.